मत न दिल्याचं कारण

घाईघाईने मी थिएटरचं दार ढकललं आणि ते बाहेर कुणाच्या तरी कानावर आपटलं.

"आई गं!"

"अहो, दाराला कान लावून कोण उभं राहतं?"

"मी या सिनेमाचा साउंड डिझायनर," कान चोळत तो ओशाळून म्हणाला. "खुर्च्या करकरतात का, ते ऐकत होतो. नाही करकरल्या की समजायचं, सीन जमला. तुम्ही तर उठूनच आलात..."

"रडू यायला लागलं म्हणून आले. ते वडील मुलाची वाट बघत बसतात आणि एकदम पंख्याचा आवाज जातो ना – तिथे."

तो बघतच राहिला. "हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं!"

मी संकलक. दुसऱ्यांच्या सिनेमातल्या असल्या जागा हेरायची मला खोडच आहे. पण त्या दिवशी माझं निम्मं लक्ष त्याच्या लालबुंद कानाकडे होतं. कॉफीवर सुरू झालेल्या गप्पा पुढे कित्येक महिने संपेचनात, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"एक पुरस्कार मिळायला हवा गं," एकदा तो म्हणाला. "बाबांना वाटतं, मी दिवसभर हेडफोन लावून गाणी ऐकतो. एकदा त्यांच्या हातात ती ट्रॉफी दिली की..."

आणि नेमकं त्याच वर्षी मला परीक्षक म्हणून बोलावणं आलं. निकालापर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं. मीही तोंडाला कुलूप लावलं.

ध्वनीच्या पुरस्काराची वेळ आली. एका परीक्षकांना मारामारीच्या सिनेमाचा दणदणाट भारी वाटला. दुसरेही त्याच सिनेमाच्या बाजूने म्हणाले, "त्या बिचाऱ्याचं गेल्या वर्षी हुकलंय, यंदा देऊन टाकू." उरलेल्या दोघांना मात्र तो थांबलेला पंखा मनापासून आवडला होता. मतं समसमान झाली आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी हात वर करणारच होते... पण हा हात पंख्यासाठी की त्या लाल कानासाठी? खरंच सांगता येईना.

"मी मत देणार नाही. मी त्याला ओळखते."

"अगं, इथे सगळेच सगळ्यांना ओळखतात!" अध्यक्षबाई हसल्या आणि त्यांनी आपलं निर्णायक मत दणदणाटाला दिलं.

निकाल जाहीर झाला तशी मी त्याच्या स्टुडिओत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे तू हात वर केला असतास तर..."

"तुला मिळालं असतं."

"काम आवडलं नव्हतं?"

"सगळ्यांत जास्त आवडलं होतं."

"मग? बाबांचं तुला माहीत होतं." त्याचा आवाज जराही चढला नाही, त्याने जास्तच लागलं.

"बाकीच्यांनी काय काय कारणांनी मतं दिली! मला तसं द्यायचं नव्हतं. तुझं काम चांगलं आहे की तू केलंयस म्हणून मला चांगलं वाटतं, हे मला कळेनासं झालंय. माझं तुझ्यावर प्रेम आहे रे..."

त्याने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "मला राग आलाय. चांगलाच."

"येऊ दे."

"उद्यासुद्धा असेल."

"असू दे."

"पण उद्या घरी ये." त्याने हळूच माझा हात हातात घेतला. "ट्रॉफी का नाही मिळाली, ते बाबांना तूच सांग."