‘बोल’ लिहिलेली वायर

“स्पीकर बिघडलेला नाही, आत्या. कोणीतरी तो मुद्दाम बंद पाडतंय.”

आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. विमा कंपनीत तीस वर्षं खोटे दावे शोधल्यावर त्या आता घरूनच तपासाची कामं घेत. सगळे त्यांना आत्याच म्हणत. वहिनी म्हणणारे एकटे भाऊजी, त्यांचे दीर. ते सोबतीला असत आणि गोष्टी थोड्या उशिरा समजून घेत.

“स्पीकरसाठी गुप्तहेर?” भाऊजींनी विचारलं.

समोरची बाई हसली नाही. तिचे वडील जाऊन तीन महिने झाले होते. त्यांची छोटी बोट तिला विकायची होती. दोन गिऱ्हाइकं आली, दोन्ही वेळा डावा स्पीकर गाण्याच्या मध्येच गप्प झाला. ‘आणखी काय काय बिघडलंय कोण जाणे’ म्हणून दोघंही परत गेली.

“वायरमनकाका बाबांचे मित्र. तीनदा तपासून म्हणाले, काही दोष नाही. बोट विकू नकोस, असंही तेच म्हणतात. उद्या सकाळी मी धक्क्याच्या ऑफिसात तक्रार देणार आहे.”

“धक्क्यावर काम करायचा त्यांचा पास जाईल,” आत्या म्हणाल्या. “पोट आहे त्यावर.”

“माहीत आहे.” तिने पर्समधला अर्ज दाखवला. “म्हणून तर आधी तुमच्याकडे आले.”

“तुझ्यासमोर बंद पडलाय?”

“नेहमीच. बाबा होते तेव्हाही. येऊन टेकते न टेकते तोच गप्प. वैतागून उठून जवळ गेलं, की गायला लागतो.”

“बाबांसमोर शेवटचा कधी?”

“ते जायच्या महिनाभर आधी. त्यांनी विचारलं, कशी आहेस? मी म्हटलं, तुमचा स्पीकर बंद पडलाय. ते म्हणाले, हो का.” तिने पर्सची चेन लावली. “बस्स, एवढंच बोलणं झालं.”

दुपारी तिघं धक्क्यावर गेली. बोटीत पुढे सुकाणू, एक स्टूल आणि उजवा स्पीकर. मागे एक बाक आणि बरोबर त्याच्या वर डावा स्पीकर. ती बोटीत चढली नाही. धक्क्यावरच पाठ करून उभी राहिली.

बोटीत वाट बघत असलेल्या वायरमनकाकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वायरिंगच्या फळीचं झाकण उघडलं. प्रत्येक वायरला कापडी पट्टी होती, तिच्यावर सुबक अक्षरात एकेक शब्द. दिवा. पंप. डावा. उजवा. बोल.

“अक्षर तुमचं?” आत्यांनी विचारलं.

“माझं असतं तर वाचता आलं असतं का? तिच्या बाबांचं. स्पीकर मी बसवले, नावं त्यांनी मागाहून चिकटवली.”

“आणि ‘बोल’ म्हणजे?”

“स्पीकरच की. बोलतो तो.”

“तपासताना तुम्ही कुठे असता?”

“हा असा, गुडघ्यांवर. बसायला सवड कुणाला?”

शेजारच्या बोटीवरच्या कॅप्टनना त्या गाण्यांचा राग होता, हे सगळ्या धक्क्याला माहीत होतं. आत्यांनी विचारलं तेव्हा ते दोर गुंडाळत राहिले.

“मी वायर तोडली असती तर दोन्ही तोडल्या असत्या, बाई. एकच तोडून मला काय सुख?”

“मुलगी यायची?”

“दोन वर्षांमागे तणतणत उतरली. म्हणे, बाबा, तुमच्या गाण्यांत माणसाला बोलताच येत नाही. मग सहा महिने फिरकली नाही. ते आपले रोज एकटे. बाक रिकामा असताना स्टुलावर बसायचे. मी म्हटलं, पाठ दुखेल. तर म्हणाले, ती जागा धरून ठेवलीय.”

आत्या बोटीत परतल्या आणि त्यांनी गाणं लावायला सांगितलं. काकांनी वायर ओढून पाहिली, इंजिन चालू केलं, बंद केलं. दोन्ही स्पीकर गात राहिले.

“वहिनी, माझे पाय गेले,” म्हणत भाऊजी मागच्या बाकावर बसले.

डावा स्पीकर गप्प झाला.

“मी काही केलं नाही,” म्हणत भाऊजी उठले. गाणं परत आलं.

“बसा, भाऊजी.”

“नको, आता बरं वाटतंय.”

“बसा म्हणते ना.”

ते बसले. डावा पुन्हा गप्प. आत्यांनी धक्क्याकडे हाक मारली. “तू ये इकडे. काकांनी काही केलेलं नाही.”

ती चढली. आत्यांनी भाऊजींना उठवून गादी उचलली. बाकाच्या लाकडातून एक बटण डोकावत होतं, फ्रीजच्या दारात असतं तसं.

“फ्रीजमध्ये हे दाबलं की दिवा जातो, इथे डावा स्पीकर. गिऱ्हाइकं बाकावर बसली, गेला. काका गुडघ्यांवर असतात, म्हणून त्यांना दोष सापडत नाही. तू टेकलीस की गप्प, उठलीस की चालू. हे तू मला सकाळीच सांगितलंस. मीच ऐकलं नाही.”

काका वाकून बघत होते. “ही वायर माझी नाही. गाठ त्यांची आहे.”

“ती तुमच्या फळीपर्यंत जाते आणि तिच्यावर ‘बोल’ लिहिलंय. डावा आणि उजवा, दोन्ही स्पीकरची नावं आधीच होती. मग हा तिसरा कुठला? मला वाटतं, ते नाव नाहीच. ते तुला सांगितलंय.”

“मला?”

“गाण्यांत बोलता येत नाही, असं तू म्हणालीस. तुझ्या जागेवर तू बसलीस की डोक्यावरचं गाणं थांबावं, एवढी सोय त्यांनी केली. स्वतः मात्र तिथे कधी बसले नाहीत.”

बटणावर बोट ठेवून ती म्हणाली, “मग सांगितलं का नाही?”

“ते तपासात कळत नाही, बाळ.”

तिने अर्ज पर्समधून काढला, दुमडला, आणखी दुमडला. “काका, मी तुमच्यावर...”

“राहू दे.” काकांनी पक्कड उचलली. “बटण काढू? पाच मिनिटांचं काम आहे.”

तिने मान हलवून नको म्हटलं.

काका अवजारं घेऊन उतरले. त्यांच्यामागून आत्या आणि भाऊजीही. धक्क्याच्या टोकाशी भाऊजी थांबले.

“वहिनी, पुढचाच स्पीकर वाजतोय.”

“हो.”

“म्हणजे ती बसली.”

आत्या चालत राहिल्या. मागे, अर्ध्या उरलेल्या गाण्यात, तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“बरी नाहीये, बाबा.”