अवसेच्या रात्री चार्जिंग

यश्या, दार ओढून घे, गार वारं येतंय. आन् मधी हसू नगंस. ही माझ्या मावसभावाची गोष्ट हाय, आकारामाची. त्येच्याच तोंडनं ऐकलीया.

मागल्या सालची कार्तिकातली अवस, गुरवार. आकाराम गावच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्या दिवशी दुपारी कोल्हापूरला गेलता, मंगळवार पेठेत, गाडीला नवी बॅटरी घालायला. घातली, च्या घेतला, आठला निघाला. साधं काम.

आता जुनी बॅटरी का गेली, ते ऐका. मुरगूडजवळची आमची वाडी केवढी? ॲम्ब्युलन्स म्हंजे छोटी व्हॅन, ती बी महिना महिना उभी. उभ्या गाडीची बॅटरी उतरती. म्हणून डेअरीतल्या जिनेशनं तिच्या टपावर सोलरचं पॅनेल बसवलं, पाटाएवढं. उन्हात बॅटरी भरत राहायची, आन् स्टेरिंगजवळच्या डबीवर हिरवा दिवा लागायचा. दिवस मावळला की दिवा बंद.

आकारामाची सोताची जीप बी अशीच पडून असायची. नवरात्रात देवीला जायची भाडी आली, तवा तिची बॅटरी उतरलेली. ह्येनं काय केलं? ॲम्ब्युलन्सवरचं पॅनेल काढून जीपवर टाकलं.

बायकू म्हनली, "आवो, गावाची वस्तू हाय ती."

"आठ दिसांत कोन मरतंय?" ह्यो म्हनला.

आठाचं बावीस दिस झालं. पॅनेल जीपवरच. आन् वाडीतल्या म्हाताऱ्या तानाबाईच्या छातीत कळ आली.

चावी फिरवली. टिक्... टिक्... बास. तिचा ल्योक अमरसिंह आन् चौघांनी ढकलून ढकलून गाडी चालू केली. पाऊण तास गेला. कोल्हापूरच्या वाटंवर, निढोरीच्या फाट्यावर म्हातारीनं मान टाकली.

त्याच रातीला आकारामानं पॅनेल गुपचूप परत बसवलं. "बॅटरीच खराब निघाली," म्हनून सांगितलं समद्यांला. अमरसिंह तर पाया पडला त्येच्या. "काका, तुमी लय धावपळ केली." तेराव्याला पयलं ताट आकारामाला वाढलं. ह्येनं ते गुमान खाल्लं. खरं काय ते सांगितलं न्हाय.

तर, त्या अवसेला परत येताना साडेनऊ झालं. निढोरीचा फाटा आला. रस्त्याला कुत्रं न्हाय.

आन् डबीवरचा हिरवा दिवा लागला.

"वायर चुकली असंल की, आबा."

व्हय, यश्या. त्येला बी तसंच वाटलं. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. दिवा तसाच. खाली उतरून पॅनेलला हात लावला...

चटका बसला. चैतातल्या भर दुपारच्या पत्र्यागत. आभाळात चंद्र न्हाय.

परत बसला. चावी फिरवली. गाडी एका दमात लागली.

मागनं आवाज आला. हळू.

"आज लागली की रं गाडी..."

तानाबाईचा आवाज.

राग न्हवता त्यात. कौतुक हुतं.

त्येनं मागं बघितलं न्हाय. आरशात बी न्हाय. मान खाली घालून बसला. मी पुढं एकदा इचारलं, "लय भ्यालास का रं?" म्हनला, "भीती नंतर, गणूदादा. आदी लाज वाटली."

गाडी घराकडं नेली न्हाय. थेट अमरसिंहाच्या दारात लावली. त्येला उठवलं आन् समदं सांगितलं. पॅनेल, जीप, ते आठ दिस, बॅटरी खराब निघाल्याची ती थाप. अमरसिंह उंबऱ्यात उभा. मारलं न्हाय. शिवी बी दिली न्हाय. दार लावून घेतलं.

आकारामानं चावी पायरीवर ठेवली. चालत घरी आला. त्येनं परत स्टेरिंगला हात लावला न्हाय, सोताच्या जीपच्या बी.

सकाळी अमरसिंहाची बायकू स्नेहल, सासूला ती आत्ती म्हनायची, कट्टा झाडाय आली आन् वरडली. आमी समदी धावलो.

गाडीच्या टपावर, पॅनेलच्या काचेवर, सांडगं घातलेलं. तीन रांगा. त्या थंडीत, दवात, एका रातीत कडकडीत वाळलेलं.

स्नेहलनं एक उचलला. उलटा केला. बोटांनी काढलेली चिमट अंगठ्यानं चाचपली.

"ही चिमट..." म्हनली, "आमच्यात अशी एकटी आत्तीच घालायची."