न वाळलेली फांदी

पटणार नाही, पण शितलने सांगितलं तसंच लिहिते आहे. ती माझी मावसबहीण. वनस्पतीशास्त्र शिकलेली. तिखटमीठ लावून सांगणं तिला जमत नाही.

डिसेंबर १९९८. कळमनुरीजवळ निजामाच्या काळात एका हकिमाने लावलेली, औषधी झाडांची दवाबाग होती. कॉलेजच्या सुकवलेली पानं चिकटवायच्या वहीसाठी पाला गोळा करायला शितल आणि तिची मैत्रीण निलम सकाळीच तिथं गेल्या.

राखणदार सोनाजीने विहिरीपलीकडचं एक झाड लांबूनच दाखवलं.

"पाला न्या पोरींनो. पर त्या झाडाखाली कुणाचं नाव घेऊ नका."

"काहून हो बाबा?" निलम म्हणाली. "झाड हजेरी घेऊन राहिलं का?"

सोनाजी हसला नाही.

दुपारी बागेत साळुंक्यांचा कलकलाट होता... त्या झाडावर मात्र एकही पाखरू नव्हतं.

निलमच्या वहीत एक झाड कमी पडत होतं आणि ती कंटाळून बसली होती. शितलनेच तिच्यासाठी त्या झाडाची फांदी तोडली. तोडल्या जागीच चिठ्ठी बांधायची, हा नियम. तारीख, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव. सवयीने तिने लिहितालिहिता मोठ्याने म्हटलं,

"निलम राठोड."

वारा नव्हता...

फांदीची पानं हलली.

तिसऱ्या दिवशी शितलने घरी रद्दीत दाबलेला दोघींचा पाला उघडला. बाकी सगळा सुकत आला होता.

ही फांदी हिरवीगार... आणि भोवतीचा कागद ओलाचिंब.

तिने कोरडे कागद घातले.

त्याच संध्याकाळी निलमचे ओठ फुटले. घागरभर पाणी प्यायली, तरी तहान भागेना. हिंगोलीच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. शितल कागद बदलायची, निलम आणखी सुकायची.

तिसऱ्या खेपेला शितलच्या हे ध्यानात आलं. तिने फांदी काढून तांब्यातल्या पाण्यात ठेवली.

रात्री निलमची तहान भागली, तिने भाकर मागितली.

शितल फांदी घेऊन बागेत गेली. सोनाजीने हात लावला नाही.

"आता वाळू देऊ नका," एवढंच बोलला.

निलमचं लग्न झालं, वसमतला नांदायला गेली, मुलगी झाली. शितल रोज पाणी बदलत राहिली. सात वर्षांत फांदीला मूळ फुटलं नाही. एक पानही गळलं नाही.

मे २००६. सकाळी शितलला खालचं पान पिवळं दिसलं.

रात्री काठोकाठ भरलेला तांब्या... कोरडा.

तिने घाईने पाणी ओतलं. तेवढ्यात फोन वाजला. निलमची मुलगी होती.

"मावशी, आई रातीपासून पाणीच मागून राहिली."

शितलने तांब्याकडे पाहिलं.

पाणी पुन्हा खाली चाललं होतं.