धर्मराजचा अंगठा

गणू, दार लोटून घे आणि बस. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. कोन गावचा धर्मराज माझ्या चांगल्या ओळखीचा.

नव्या बंगल्याच्या हॉलसाठी त्याला चित्र हवं होतं, म्हणून मला चोरबाजारात घेऊन गेला. मी चित्रकलेचा मास्तर. त्याने फ्रेम बघून उचललं ते पाचशे वर्षांपूर्वी युरोपात तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून छापलेल्या चित्राची जुनी प्रत होती. डोंगरावर दोघे. एक येशू, दुसरा झगा घातलेला म्हातारा, म्हणजे सैतान. खालची राज्यं दाखवून तो म्हणतोय, पाया पड, हे सगळं तुझं.

“मंग?” धर्मराजने विचारलं.

“येशू नाही म्हणाला.”

“येडाच हाय!”

त्या चित्रातलं त्याला कळलं ते एवढंच. फ्रेमसाठी घेतलं आणि हॉलमध्ये टांगलं.

मागच्या दत्तजयंतीच्या दुसऱ्या रात्री त्याने विधवा बहिणीला, वेणूला, जेवायला बोलावलं. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. बहिणीने साडी घ्यायची आणि बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा. विमानतळ आल्यापासून जमिनींचे भाव चढले, साड्या भारी झाल्या, भाऊ होते तेच राहिले.

“वेणे, सकाली रजिस्ट्रारकडं अंगठा दे न् मोकली हो. तुला काय कमी हाय?”

“कमी हाय म्हनून नाय, दादा. हिस्सा माजा हाय म्हनून.”

ती वर जाऊन झोपली. पुढचं तिनेच मला सांगितलं.

मध्यरात्रीनंतर तिला भावाचा आवाज आला. ती जिन्यातून डोकावली. हॉलमध्ये रस्त्यावरच्या दिव्याचा तेवढा उजेड. धर्मराज चित्रासमोर उभा.

“सगला?”

तो एक पाऊल पुढे सरकला.

“तिचा पन?”

शांतता... कुणी मान हलवावी एवढीच.

चित्रात डोंगर होता. येशू होता.

म्हातारा नव्हता.

धर्मराज वाकला. आईच्या पाया पडायला ज्याची पाठ दुखायची, तो. कपाळ टेकलं. कुणाच्या पायांवर... ते तिला दिसलं नाही.

सकाळी आपण गाडीत कशा बसलो, वेणूला आठवत नाही. कचेरीतल्या यंत्राने तिचा अंगठा लगेच घेतला.

धर्मराजचा घेईना.

“पुसून ठेवा, शेठ,” कारकून म्हणाला. पुसला. नाही. कारकुनाने त्याचं बोट धरून उजेडात पाहिलं... आणि हात सोडून दिला.

दस्त झालाच नाही. हिस्सा अजून वेणूचा आहे.

तो अंगठा मी पाहिलाय. त्यावर ठशाचा भोवरा नाही. नुसत्या बारीक, सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने ओढाव्यात तशा.

दहाही बोटांवर.