भेंडीखालचा होकार

“भेंडीवाल्या तुमीच काय?”

मी दचकून वर पाहिलं. निळा शर्ट, कपाळावर घाम, हातात फोन... आणि चेहरा भलताच गंभीर. निळा शर्ट हीच मावशीनं सांगितलेली खूण होती. मी घाईघाईनं ओढणी सारखी केली आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, “हो, मीच. बसा ना.”

तो बसला. म्हणजे बाकाच्या पार टोकाला, मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून.

सांगते, हे सगळं काय चाललं होतं ते. मी दातिवऱ्याची. बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये नोकरी, राहायला सरावलीला शकूमावशीकडे. मावशीचं घर दोन खोल्यांचं, त्यात पाहुण्यांना बसवायचं कुठे? म्हणून मला बघायचा कार्यक्रम तिनं रविवारी संध्याकाळी बोईसरच्या बागेत ठेवला होता. मुलगा प्रदीप, मी फोटोतही न पाहिलेला, मोठ्या बोटीवर नोकरीला. मंगळवारी जायचा तो सात महिन्यांनीच परत येणार. “उत्तर आजच पायजे बाय,” मावशीनं बजावलं होतं. “बागेतून निघायच्या आत. हो तर हो, नाय तर नाय.” आणि ती नातीला, रिद्धीला, घसरगुंडीवर न्यायला निघून गेली. मी कोपऱ्यातल्या भेंडीच्या झाडाखाली बसले आणि मुलाला तसा मेसेज टाकला. पंधरा मिनिटांत माणूस हजर!

“मी म्हटलं, फोनवर नको,” तो म्हणाला. “समोरासमोरच बोलावं.”

“बरं केलंत. मलाही तेच आवडतं.”

“मोठी मानसं लय नाराज हायत.”

मला धक्काच बसला. “इतक्यात? अजून त्यांनी मला बघितलंसुद्धा नाही!”

“बघायचं काय त्यात... वाचलं तेवढंच पुरलं त्यांना.”

मेला तो बायोडेटा! मावशीनं त्यात ‘मासळी सुकवण्यात तरबेज’ असं घातलं होतं. मी नको नको म्हणत होते. मला एकदम रागही आला आणि रडूही आलं. या आधी सहा जण बघून गेले होते. एकाला माझी नोकरी खुपली, दुसऱ्याला घरचा मासळीचा वास, तिसऱ्याला माझी उंची. आता हा सातवा.

“आणि तुमचं?” मी विचारलं. “तुमचं काय मत?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे विलक्षण शांत होते त्याचे.

“मला... तुमी तशा वाटत नाय.”

एवढंच. पण माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. वर भेंडीची पिवळी फुलं उन्हं कलतील तशी लाल व्हायला लागली होती आणि माझीही गत तीच.

“चालता चालता बोलू या?” मी म्हटलं. “इथे सगळे बघताहेत.”

बघत होतेच. ओपन जिमवरचे दोन आजोबा तर पाय हलवायचे थांबून आमच्याकडे टक लावून होते. मला वाटलं, बागेत बसलेल्या जोडप्याकडे म्हातारी माणसं बघतात तसंच हे.

बागेला वळसा घालणारी मातीची पायवाट आहे. एका अंगाला झोपाळे आणि डबे उघडून बसलेली कुटुंबं, दुसऱ्या अंगाला झाडी. तो माझ्या चालीनं चालत होता. माझी चाल त्या दिवशी गोगलगायीची होती, कारण नवी चप्पल अंगठ्याला चावत होती. पन्नास पावलांवर तो थांबला.

“काढा ती चप्पल.”

“अहो, असं कसं? लोक काय म्हणतील?”

“माती हाय. मातीवर चपलेचं काय काम?” असं म्हणून त्यानं आधी स्वतःची काढली, हातात घेतली आणि अनवाणी पुढे निघालासुद्धा. मी बघतच राहिले. बघायला आलेला मुलगा चपला हातात घेऊन चालतोय! मग मीही काढली. फेब्रुवारीची माती पायाला उबदार लागत होती.

“तुम्ही बोटीवर असता ना,” मी विषय काढला, “मग माती...”

“बोटीवर? छे. मला तर नाव हलली की उलटी येते.”

मी खो खो हसले. काय थट्टा करतो हा! बोटीवरच्या माणसानं असं सांगावं! तोही हसला, पण जरा गोंधळून. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली... आणि मी मुद्दाम पळसाच्या झाडाकडे बघायला लागले.

“पळसाला आमच्याकडं फुलं कवाच आली,” तो म्हणाला. “तो पुढचा ऐन. त्याच्या पलीकडं कुडा. शेंगा बघा, जोडीजोडीनं लोंबतात.”

“जोडीजोडीनं?”

“हां... म्हंजे... कुड्याच्या शेंगा तशाच असतात.” आणि त्याचे कान लाल!

एक फेरी संपली. भेंडीपाशी आलो तर तो काही थांबला नाही, मीही थांबले नाही. दुसरी फेरी सुरू झाली. मी ठरवलं, आता विचारून टाकायचं.

“माझ्या नोकरीबद्दल तुम्हाला काय वाटतं?”

“मला?” तो चक्रावला. “नोकरी तुमची. करायची तर करा, नाय तर नाय. मला कशाला विचारता?”

मी जागच्या जागी उभी राहिले. सहा जणांत एकानंही हे म्हटलं नव्हतं हो! एकजण तर म्हणाला होता, ‘लग्नानंतर बघू काय ते.’

“आणि आमच्या घरी मासळी वाळत घालतात. वास येतो.”

“येनारच की. मासळीला मासळीचाच वास येनार.”

“तुमच्या आईला चालेल?”

“आयला?” त्यानं डोकं खाजवलं. “आयचा काय संबंध? तिच्याकडं फोन बी नाय.”

उत्तर जरा तिरपागडं होतं, पण मी हवेत होते. मला वाटलं, सासूकडे फोन नाही म्हणजे कुणी ऊठसूट चौकशा करणार नाही! तिसऱ्या फेरीला तर आम्ही काय बोललो ते आठवतही नाही. त्याच्या गावची नाचणी, माझ्या लॅबमधल्या कायम निळ्या झालेल्या बोटांची गोष्ट... ती बोटं त्यानं बघायला मागितली. मी हात पुढे केला. त्यानं हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “शर्टाला म्याचिंग हायत.”

बस्स. मी तिथेच पडले. म्हणजे प्रेमात. आतापर्यंत हा शब्द मला फार बाष्कळ वाटायचा.

पायवाटेच्या वळणावर मी थांबले. मान खाली घालून म्हटलं, “हे बघा... मला वळसे घेऊन बोलता येत नाही. माझ्याकडून होकार आहे.”

“वा!” त्यानं सुटकेचा श्वास टाकला. “सुटलो बाबा. मग टाका लगेच.”

“काय टाका?”

“माफी. गुरुपवर.”

“...कसली माफी?”

“शिवी दिल्याची. तुमीच दिली ना?”

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. ‘सकाळचं चालणं, बोईसर’. एकशे बेचाळीस सभासद. मावशीनं वजनासाठी मला दोन महिन्यांपूर्वी त्यात घातलं होतं आणि मी एक दिवसही चालायला आले नव्हते. त्या ग्रुपवर, सगळ्या काका-काकू-आजोबांच्या देखत, माझा मेसेज होता:

‘भेंडी खाली बसलेय. लवकर या.’

‘भेंडी’ आणि ‘खाली’च्या मध्ये एक रिकामी जागा. आमच्या किनाऱ्यावर भेंडी म्हणजे झाड. घराच्या मागे असतं, त्याच्या सावलीत जाळी विणतात. पण कारखान्यातली पोरं पाना निसटला, बस चुकली की जो शब्द हासडतात, तोही हाच! मी बाई चालण्याच्या ग्रुपवर आधी शिवी हासडली होती आणि मग सगळ्यांना लवकर बोलावलं होतं. खाली सत्तावीस उत्तरं होती. ‘ताई, इथे ज्येष्ठ नागरिक आहेत.’ ‘खाली बसा नाहीतर वर बसा, तोंड सांभाळा.’ ‘हिला काढून टाका.’

“ह्या चालनाऱ्या काका लोकांना फोनमधलं जमत नाय, म्हनून गुरुप मी सांभाळतो,” तो सांगत होता. “बागेतच होतो, तर तुमच्या फोटोतली हीच पिवळी ओढनी दिसली. नाव बी नाय, त्या जागी नुसतं होडीचं चित्र.”

“अहो, भेंडी म्हणजे ते झाड!” मी किंचाळलेच. “ते कोपऱ्यातलं!”

“ते? त्याच्या पाटीवर तर पारस पिंपळ लिवलंय! आमच्या डोंगरात भेंडी म्हंजे भाजी.” मग त्याचा चेहरा बदलला. “थांबा... मग होकार... कसला दिला तुमी?”

आता धरणी दुभंगली असती तर मी उडीच मारली असती. “तुम्ही... प्रदीप नाही?”

“कोन प्रदीप?”

उत्तर द्यायची वेळच आली नाही. समोरून मावशी येत होती, कडेवर रिद्धी. मागे जरीच्या साडीतल्या एक बाई आणि निळ्या शर्टातला, चांगला रुंद खांद्यांचा दुसरा एक मुलगा.

“बाय गं! तुझा मेशेज नाय, काय नाय, ही मानसं तासभर गेटवर हुबी!” मावशीची नजर माझ्या अनवाणी पायांवर आली, मग त्याच्या. “आन् हा कोन?”

प्रदीपच्या आई, काशीबाई, भल्या होत्या. मला खालून वर न्याहाळून म्हणाल्या, “आमाला पोरगी पसंत हाय. याला परवा जायाचं हाय. तुमचं काय ते सांगा, म्हंजे पेढे आनतो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रदीप चांगला होता, नोकरी चांगली होती, आई चांगली होती. ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. झाल्या गोष्टीवर घरी पोट धरून हसलो असतो. पण त्या शब्दावर आता माझा हक्क उरला नव्हता.

“काशीमावशी, हात जोडते,” मी म्हणाले. “चूक माझी. तुम्हाला ताटकळत ठेवलं. पण मी होकार देऊन बसलेय. चुकीच्या माणसाला दिला, हे खरं. पण मनापासून दिलाय. तो परत घेऊन दुसऱ्याला नाही देता येत मला.”

“कोनाला दिलास?” मावशी ओरडली.

मी बोट दाखवलं. निळं बोट, निळ्या शर्टाकडे.

काशीबाईंच्या हातातली पर्स खाली पडली. प्रदीपनं ती उचलली, आईचा दंड धरला आणि शांतपणे म्हणाला, “चल आय. भेळ खाऊ नि जाऊ.” जाताना तो मागे वळून हसला, असं मला तरी वाटलं.

मावशी मात्र ह्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कोनाचा रं तू?”

“जिवल्याचा पोरगा. विक्रमगडकडचा. इथं कंपनीत फिटर हाय.”

“डोंगरातला?” मावशीचा आवाज चिरकला. “मासं खातोस?”

“खातो की. नदीचं.”

“नदीचं!” मावशी मटकन बाकावर बसली. “आता मी दातिवऱ्याला काय तोंड दाखवू? नदीचं म्हनं!”

मला वाटलं, आता हा चपला घालेल आणि निघून जाईल. जाणारच. ओळख ना पाळख, माफी मागून घ्यायला आला होता बिचारा. तो गेला नाही. मावशीकडे पाठ करून माझ्याशी हळूच म्हणाला, “माफीचं मी पहिल्या फेरीलाच बोलनार होतो. भेंडी... म्हंजे ते झाड... तिथंच थांबनार होतो. दुसऱ्या फेरीला माझं काय काम नव्हतं. तिसऱ्या फेरीला तर बिलकूल नव्हतं.”

मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“पन मला अजून कोनी विचारलंच नाय,” तो म्हणाला.

“काय?”

“माझा होकार हाय का ते.”

खरंच की! एवढा गोंधळ घातला, एका चांगल्या मुलाला परत पाठवला, मावशीला बाकावर बसवलं... आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याला विचारायचंच राहिलं होतं. आता हा नाही म्हणाला तर?

“मग... हाय का?” लॅबमध्ये वर्षानुवर्षं घोटलेलं माझं ‘आहे’ कुठल्या कुठे पळालं होतं.

त्याच्या डाव्या गालाला पुन्हा खळी पडली.

“हाय,” तो म्हणाला. “मी नीलेश. तुमी?”