भोकरदनला गेलेली माणसं

"गिरिधरला आज हाकलून दिलं!" अॅडव्होकेट शरयू म्हणाल्या. "वडिलांच्या वेळचा कारकून, आणि घरभेदी निघाला."

मस्तगडच्या त्या ऑफिसात केदार अंतराच्या शेजारी अवघडून बसला होता. तिच्या खाजगी तपासाच्या धंद्यात तो भागीदार. गाडी चालवण्यापुरता, असं ती म्हणे. शरयू काही केल्या बसेनात, येरझारा घालत बोलत होत्या.

दैवशालाबाई त्यांच्या अशील. दीर काकासाहेबांशी शेताच्या वाटणीचा दावा, आणि साक्षीदार एकटा कचरू. काल सकाळी शरयूंनी बाईंना मोबाइलवर आवाजी निरोप पाठवला, की कचरू साक्ष देणार आहे, भोकरदनला बहिणीकडे उतरलाय. दुपारी धोका नको म्हणून त्याला जाफराबादला हलवलं आणि बाईंना तसं लिहून कळवलं. संध्याकाळी काकासाहेबांची माणसं भोकरदनला बहिणीच्या दारात धमक्या देऊन गेली.

"गिरिधर काकासाहेबांच्याच गावचा. अजून काय पुरावा पाहिजे?"

अंतरानं आधी ज्युनिअर ऋषीला विचारलं.

"मॅडमचं व्हॉट्सअॅप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघडंच असतं," तो चाचरत म्हणाला. "पण नुसतं वाचता येतं. स्पीकर बंद पडलेत."

"सापडला!" केदार कुजबुजला.

"गप रे." अंतरानं गिरिधरला फोन लावला.

"कचरूला जाफराबादच्या एसटीत मीच बसवून आल्तो," पलीकडून आवाज आला. "मॅडमनी काही इचारलंच न्हाई. सरळ जा म्हणल्या."

तेवढ्यात दैवशालाबाई आल्या. "काल जीपमधी दाटीवाटीनं बसून बाजाराला गेल्ते, अजून पाय दुखून राह्यले," म्हणत त्या टेकल्या, तोच मोबाइल वाजला. बाईंनी तो हातभर लांब धरून बोट लावलं आणि लेकीचा आवाजी निरोप खोलीभर घुमला. जावयाचा ताप उतरला होता.

केदारला हसू आलं. "कानाला लावत नाही का, मावशी?"

"कमी ऐकू येतं, बापा. अन् लिहिलेलं सून वाचून दाखवती. ती गेली माहेरी."

अंतरा उठली. "मॅडम, त्या माणसांना जुना पत्ता ठाऊक होता, नवा नाही. गिरिधरनं फितुरी केली असती, तर ती माणसं जाफराबादला गेली असती. ऋषीनं चोरून वाचलं असतं, तरी जाफराबादलाच. भोकरदन तुम्ही फक्त बोललात. म्हणजे ज्यानं ऐकलं पण वाचलं नाही, त्याचं हे काम. मावशी, मॅडमचा निरोप कुठं ऐकलात?"

"जीपमधीच की." बाईंचा चेहरा उतरला. "आरं देवा! म्होरल्या सीटवर काकासाहेबाचा मेव्हणा होता!"

"बघा! म्हणजे चूक यांची," शरयू उसळल्या.

"यांची कशी? कुठं आहात, शेजारी कोण आहे, एवढं तरी विचारलंत? आधी साधा फोन करायचा. आणि साक्षीदाराचं नावगाव असं पाठवायचंच नाही, समोर बसवून सांगायचं."

शरयू मटकन खाली बसल्या. मग त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला. "गिरिधर, झालं ते..."

अंतरानं तो काढून घेतला. "माफी अशी मागतात होय? चला त्यांच्या घरी."

गिरिधरनं दार उघडलं, खुर्च्या मांडल्या, बायकोला चहा टाकायला सांगितलं. शरयूंनी हात जोडले, चुकले म्हणाल्या, उद्यापासून या म्हणाल्या.

"चहा घ्या मॅडम," तो म्हणाला. "कचरूला कोर्टात मी बराबर आणून सोडतो. ते दैवशालाबाईसाठी. तुमच्याकडं मात्र आता येणार न्हाई."