देवमनचा अर्धा पडदा

या, जवळ सरका. पण एकदा गोष्ट सुरू केली की मधेच कोणी उठायचं नाही.

माझ्या साडभावाचा मुलगा कुलदीप. अमरावतीत गाड्यांची वायरिंग करतो, मीच शिकवलेला. घरात खाणारी पाच तोंडं आणि कमावणारा हा एक उजवा हात. याच डिसेंबरची नऊ तारीख होती, मंगळवार.

शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी विपुलशेठ. त्यांनी एक जुनी मोटारहोम घेतली. आत पलंग, ओटा, संडास, सगळं घरच. पुढच्या भल्यामोठ्या काचेला बटणावर चालणारा पडदा बसवायचा होता. काम आधी चांदूर बाजारच्या देवमननं धरलं होतं. कुलदीपनं शेठचे कान भरले, "त्याच्या वायरिंगनं गाडी पेटन एखाद्या दिवशी." शेठनी देवमनला चारचौघांत हाकलून दिलं. पडदा अर्धा राहिला. दिवाळी झाली आणि देवमन झोपेतच गेला.

आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुसऱ्यानं अर्धं सोडलेलं काम त्याला विचारल्याशिवाय हातात घ्यायचं नाही. माणूस नसला तर त्याच्या घरी विचारायचं. देवमनची बायको शालू काही नाही म्हणाली नसती. पण कुलदीपला तिला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि अंगात ताठा तर होताच. गेला सरळ कामाला.

"सकाळी निघाचं हाय आमाले. झालं नाही तं पुन्हा माह्या दारात दिसू नको," असं बजावून शेठ जेवायला गेले. संत्र्याच्या शेडमागे गाडीत कुलदीप एकटा. सव्वासात वाजले होते, अंधार पडलेला. त्यानं मोटर जोडली, बटण दाबलं. पडदा घर्रकन निम्म्यावर आला आणि अडला. वर नेला, खाली आणला, पुन्हा तिथंच अडला. त्यानं देवमनच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडली. मग बॅटरीची वायर काढली आणि काच अन् कापडाच्या मधल्या चार बोटांच्या फटीत हात घातला. आम्ही सगळेच घालतो.

तिथं आधीच एक हात होता.

घट्टे पडलेला. घामानं ओला. त्यानं कुलदीपची बोटं धरली.

कुलदीपनं हिसका दिला. सुटेना. काढलेली वायर लोंबत होती, तरी पडदा उतरायला लागला. हळूहळू. खालच्या उघड्या काचेतून शेडच्या दिव्याचा उजेड येत होता. बाहेर कोणी नव्हतं.

पडदा पूर्ण उतरला. कापड फुगलं. आधी खांदा. मग कपाळ. अगदी त्याच्या तोंडासमोर.

"देवमनभाऊ... चुकलं माह्यं."

...

"उद्याच वहिनीले इचारतो... हात सोड भाऊ... लेकरं हायेत मले..."

कापड आत गेलं. बाहेर आलं. पुन्हा आत.

श्वास.

पकड आवळली. आणखी आवळली...

आणि सुटली.

हत्यारं तिथंच टाकून त्यानं मोटरसायकल काढली, ती थेट वरुडच्या पेट्रोल पंपावर थांबवली. उजेडात हात पाहिला. बोटं शाबूत. मनगटावर मात्र वायरीच्या जोडाला गुंडाळतात ती टेप, पिवळी, तीन वेढे, नीट दाबून बसवलेली. त्यानं ती लावली नव्हती. त्याच्या पेटीत पिवळी टेप नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तो चांदूर बाजारला गेला. शालूनं उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं.

"आता इचारता?" एवढंच बोलली, आणि दार लावून घेतलं.

टेप त्यानं कात्रीनं कापली. मला आणून दाखवली. मी ती हातात घेतली नाही, लपवू कशाला? जोड पक्का झाला की आम्ही वरच्या टेपवर शाईनं एक तारीख टाकतो. गॅरंटी कुठवर, ती. त्या टेपवरही होती.

आज किती तारीख रे, पियुष?

"सव्वीस, नत्थुआबा."

...

टेपवर याच महिन्याची अठ्ठावीस आहे.